सभामंडपाचं कुलूप काढा : देवस्थानच्या विश्वस्तांना खुलं पत्र

माननीय अध्यक्ष, सर्व विश्वस्त आणि अखंड हरिनाम सप्ताह समितीचे सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मंगळवारी संध्याकाळी शाळेतून येताना मी देवळावरून आले. सभामंडपाच्या जाळीच्या दाराला नवं कुलूप होतं. शेजारच्या फळ्यावर एरवी एकादशीचा फराळ कुणाकडून ते लिहिलेलं असतं. तिथे आठ मुलांची नावं होती आणि वर खडूने ठळक लिहिलं होतं, ‘खालील मुलांना सभामंडपात व सप्ताहात प्रवेश नाही.’ तिसरं नाव माझ्या मुलाचं आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे काकड्यानंतर हीच नावं भोंग्यावरून वाचली गेली. मी त्या वेळी त्याचा डबा भरत होते. तो अंघोळ करून बाहेर आला, उंबऱ्यात उभा राहून शेवटपर्यंत ऐकलं आणि दप्तर न घेता निघून गेला. रात्री साडेदहाला परतला.

तुमच्यापैकी दोघांना मी घरी जाऊन भेटले. “बाई, ठराव झालाय, आता काही होत नाही,” एवढंच उत्तर मिळालं. ठराव गावासमोर झाला, नावं गावासमोर वाचली गेली, म्हणून हे पत्रही गावासमोर ठेवते आहे. तुमच्यातल्या निम्म्यांना मी काका, दादा म्हणते. दोघं माझ्या वर्गात शिकलेले आहेत. कुणाचा अपमान करण्याचा हेतू नाही. पण गप्प बसणं मला जमणार नाही.

मार्गशीर्षात दानपेटी फुटली, हे खरं आहे. सभामंडपाच्या पायऱ्यांवर गुटख्याच्या पिचकाऱ्या असतात, हेही खरं. तुमचा संताप मला कळतो. ती फरशी लोकवर्गणीतून बसली आहे, आणि त्या वर्गणीत माझेही पैसे आहेत. पण त्या संतापात तुम्ही जे दार बंद केलंत, त्याने या आठ मुलांसाठी काय केलं होतं, हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत नाही. मला माहीत आहे, म्हणून आधी ते सांगते.

माझे मालक एप्रिल २०२१ मध्ये करोनाने गेले. मुलगा अकरा वर्षांचा होता. त्याला बापाचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. वर्षभर तो फारच शहाण्यासारखा वागला आणि मला वाटलं, पोरगं सावरलं. सातवीत गेला आणि सगळं उलटं झालं. शाळेला दांडी, माझ्या पर्समधून पैसे, वर्गातल्या मुलाचं डोकं फोडणं, माझ्या अंगावर ताट भिरकावणं. तुम्ही तेव्हा जे ऐकलंत ते सगळं खरं होतं. मी त्यातलं काही लपवत नाही.

तेव्हा मी एक चूक केली. शाळेत विज्ञानाच्या तासाला अंधश्रद्धेवर बोलणारी मी, नातलगांच्या सांगण्यावरून एका अमावास्येला त्याला देवऋषाकडे घेऊन गेले. त्याने मिरच्यांचा धूर दिला. त्याहून वाईट म्हणजे तो त्या लेकराला म्हणाला, “तुझ्या वागण्यामुळं तुझ्या बापाला गती मिळंना.” त्या रात्री मुलाने मला विचारलं, “आई, पप्पा माझ्यामुळं अडकलेत का?” पुढचे कित्येक महिने तो झोपेत हेच बडबडायचा. भूत काढायच्या नावाखाली असा धूर देणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. मला ते माहीत होतं, तरीही मी तिथे हात जोडून उभी होते. याची लाज मी आजही बाळगते. म्हणूनच, धर्माच्या नावाने पोरांना भीती घातली की काय होतं, ते मला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

पुढे जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाले, या वयाच्या मुलांचं दुःख पुष्कळदा रागाच्या वाटेने बाहेर पडतं. त्याच्याशी बोलणं सुरू झालं, काही महिने गोळ्याही झाल्या. एकदा डॉक्टरांनी विचारलं, “संध्याकाळी सहा ते नऊ हा कुठे असतो?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी शिकवणी घेत असे आणि तो एस.टी. स्टँडमागे असे.

त्या प्रश्नाचं उत्तर आपल्या सभामंडपात मिळालं. पखवाज वाजवणारे आबा तुम्हा सर्वांना ठाऊक आहेत. त्यांनी त्याला उपदेश केला नाही, चौकशी केली नाही. पहिल्या दिवशी परातीत कणीक दिली आणि म्हणाले, “मळ. सैल नको, घट्ट नको.” पखवाजाच्या डाव्या तोंडाला ती ओली कणीक लावायची, थाप मारून आवाज बघायचा, जास्त झाली तर बोटाने काढायची. हरिपाठ संपला की खरवडून पान पुसून ठेवायचं. पंधरा दिवस त्याने एवढंच केलं. माझं काही ऐकून न घेणारं पोरगं आबांच्या समोर मांडी घालून बसायचं आणि आवाज लागेपर्यंत उठायचं नाही. महिन्याभराने त्याची थाप हरिपाठाला चालू लागली. मग त्याच्या मागोमाग बाकीचे आले. फळ्यावरच्या आठांपैकी सहा जण त्याच्यामुळे सभामंडपात आले आहेत.

गेल्या वर्षीच्या सप्ताहात त्याला रात्री दोन ते चारचा पहारा मिळाला. वीणा सात दिवस खाली ठेवायची नाही हे तुम्हाला मी सांगायला नको. चारला बदली येणारा माणूस झोपून राहिला. मी काकड्यासाठी पाचच्या सुमाराला आले, तर पोरगं वीणा घेऊन तसंच उभं होतं. पाय थरथरत होते, डोळे लाल झाले होते. मी म्हटलं, “अरे, कुणाला तरी हाक मारायची.” तो म्हणाला, “हाक मारायला जायचं तर वीणा कुणाकडं देऊ?” तीन तास. या मुलाला त्याआधी दहा मिनिटं एका जागी बसवता येत नव्हतं.

हे देवाने केलं, आबांनी केलं, डॉक्टरांनी केलं की वाढत्या वयाने, हे मला वेगवेगळं करून सांगता येणार नाही. देवळात गेलं की पोरं सुधारतात, असा सरसकट दावाही मी करणार नाही. मुलाच्या निमित्ताने मी शालेय समुपदेशनाचा वर्षभराचा अभ्यासक्रम केला. त्यात वाचलेलं थोडं सांगते, कारण ते आपल्या ठरावाला थेट लागू पडतं. ट्रॅव्हिस हर्शी आणि रॉडनी स्टार्क या दोन अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी १९६९ साली कॅलिफोर्नियातल्या शाळकरी मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चर्चला जाणारी, सैतानावर आणि मरणोत्तर शिक्षेवर विश्वास ठेवणारी मुलं गैरवर्तन कमी करतात का, हा त्यांचा प्रश्न होता. उत्तर आलं, काही फरक नाही. नरकाच्या भीतीने कुणी सुधारलेलं दिसलं नाही. पुढे इतरांनी पुष्कळ अभ्यास केले. २००१ मध्ये अशा साठ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा धार्मिकतेचा गैरवर्तनाला आळा घालणारा मध्यम परिणाम दिसला. स्वतः स्टार्क यांनीही नंतर मत बदललं. एकट्या मुलाच्या मनातली श्रद्धा फारसं काही करत नाही, पण आजूबाजूची माणसं, मित्र, शेजारी त्याच श्रद्धेने बांधलेले असतील तर ती काम करते, असं त्यांचं म्हणणं होतं. आता, जी मुलं मुळात शांत तीच देवळाकडे वळतात, असंही त्यात थोडं असणार. पण माझा मुलगा शांत नव्हता. बाकीचे सातही नव्हते.

केनेथ पार्गामेंट नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी संकटात माणूस धर्माचा आधार कसा घेतो, यावर आयुष्यभर काम केलं. देव माझ्यासोबत आहे असं मानणारा सावरतो. देव मला शिक्षा करतोय, त्याने मला टाकलं, असं मानणारा अधिक खचतो. ते वाचताना मला देवऋषाचं ते वाक्य आठवलं. आणि परवा भोंग्यावरून नावं ऐकताना पुन्हा आठवलं. देवाने टाकलं, हे देवळाच्याच भोंग्यावरून ऐकणाऱ्या पोराने काय समजायचं?

आता माझ्या तक्रारी.

पहिली नावांची. दानपेटी कुणी फोडली हे ठरलेलं नाही. कॅमेरा त्या रात्री बंद होता. पोलिसांत फिर्याद दिलेली नाही. तरी आठ अल्पवयीन मुलांची नावं फळ्यावर आली. बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम ७४ असं सांगतं की ज्या मुलाची गुन्ह्यासाठी खरोखर चौकशी चालू आहे, त्याचीसुद्धा ओळख उघड करता येत नाही. इथे तर चौकशीही नाही. माझ्या मुलाने पेटी फोडली असेल तर मी स्वतः त्याला हाताला धरून तुमच्यासमोर आणीन आणि पै न् पै भरीन. पण आधी ते सिद्ध करा. आणि सिद्ध झालं तरी नाव भोंग्यावर जाता कामा नये.

दुसरी तक्रार लिहिताना हात जड होतो. आठांपैकी पाच नावं गावाच्या एकाच टोकाची आहेत. ठराव करताना हे कुणाच्या लक्षात आलं नसेल असं मी मानते. पण त्या वस्तीतल्या आयांच्या पहिल्या मिनिटात लक्षात आलं. पंढरपूरचं दार सगळ्यांना उघडावं म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषणाला बसावं लागलं होतं. ती पाच मुलं आपल्या सभामंडपात कुणी न बोलावता आली होती, टाळ घेऊन पावली खेळत होती, त्यांच्या आया पहिल्यांदाच पुढच्या रांगेत बसू लागल्या होत्या. एका ठरावाने ते सगळं मागे गेलं.

तिसरी, कीर्तनातल्या बोलण्याची. गेल्या सप्ताहात पाचव्या दिवशीच्या बुवांनी गादीवरून सांगितलं, “ज्या घरात पोरगं बिघडतं, त्या घरात आईचे संस्कार कमी पडलेले असतात.” मंडपात शे-दोनशे बायका खाली मान घालून बसल्या होत्या. माझ्या शेजारची दिवसभर कांदा काढून आली होती. तिचा नवरा पितो, मुलगा मारामाऱ्या करतो, आणि तिला तिथे येऊन हे ऐकावं लागलं. ती उरलेले दोन दिवस आली नाही. गाडगेबाबांनी आयुष्यभर दारूवर, कर्जावर, बळीच्या प्रथेवर कीर्तनं केली. ते समोरच्याला प्रश्न विचारायचे आणि उत्तर त्याच्याच तोंडून घ्यायचे. बुवा कोणते आणायचे हे समिती ठरवते, म्हणून ही जबाबदारी समितीची आहे.

चौथी गुटख्याची. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. देवस्थानच्या चार गाळ्यांपैकी एका गाळ्यात पुड्या मिळतात. दहा रुपये टाकले की सातवीतल्या पोरालाही मिळतात. त्या गाळ्याचं भाडं देवस्थानच्या खात्यात जमा होतं. पायऱ्यांवरच्या पिचकाऱ्यांबद्दल मुलांना शिक्षा झाली. गाळेधारकाला साधी नोटीसही गेली नाही.

आणि पाचवी, मला सर्वात जास्त घाबरवणारी. ठरावात पुढे असं आहे की ‘पालकांनी सदर मुलांना निवासी संस्कार शिबिरात दाखल करावे’. एका विश्वस्तांनी मला ठिकाणही सुचवलं. वर्षभर ठेवतात, फोन देत नाहीत, पहिले तीन महिने आईबापाला भेटू देत नाहीत, आणि “मार बसला की आपोआप सरळ होतात,” असं ते स्वतः म्हणाले. मी नोंदणीचा कागद मागितला तर त्यांच्याकडे नव्हता. आपल्या परंपरेत मुलांना शिकवणाऱ्या चांगल्या संस्था आहेत. जोग महाराजांनी १९१७ मध्ये आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली, तिथून पिढ्यान् पिढ्या कीर्तनकार तयार झाले. पण तिथे मुलगा ज्ञान घ्यायला जातो. घरात नकोसा झाला म्हणून सोडून यायची ती जागा नव्हे. बाप गेलेल्या मुलाला आईपासूनही तोडायचं आणि त्याला संस्कार म्हणायचं, हे मी होऊ देणार नाही.

माझ्या वर्गात एक मुलगा आहे. वडिलांनी सहावीत सक्तीने माळ घातली. आता त्याच्या गळ्यात तुळशीची माळ असते आणि खिशात पुडी, आणि दोन्ही लपवायच्या नादात तो सतत खोटं बोलतो. वर्गातल्या पोरांसमोर माळ शर्टाच्या आत टाकतो, घरी शिरताना बाहेर काढतो. दारात थांबून कॉलर नीट करताना मी त्याला पाहिलं आहे. सक्तीच्या शिबिरातून परत येणारी आठ मुलं मला अशीच दिसतात.

अजून एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या मुलांपैकी ७.३ टक्के मुलांमध्ये कुठला ना कुठला मानसिक आजार आढळला होता. आपल्या हायस्कूलचा पट तीनशेच्या घरात आहे. त्या प्रमाणाने वीस-बावीस मुलं आपल्याच गावात आहेत. त्यांना भजनही लागेल आणि डॉक्टरही लागेल. एक दिलं म्हणून दुसऱ्याची गरज संपत नाही. माझ्या घरी दोन्ही लागलं.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

फळ्यावरची नावं उद्याच पुसा. ज्या भोंग्यावरून ती वाचली, त्याच भोंग्यावरून, काकड्याच्याच वेळी, ठराव मागे घेतल्याचं सांगा. मुलांची नावं पुन्हा घेऊ नका. दानपेटीची रीतसर फिर्याद द्या आणि तपास पोलिसांना करू द्या.

सभामंडप रोज साडेसहा ते साडेआठ उघडा ठेवा आणि हरिपाठ पूर्ववत सुरू करा. देखरेखीची काळजी असेल तर आम्ही बारा पालक पाळ्या लावून घ्यायला तयार आहोत, यादी सोबत जोडली आहे. रोज दोन मोठी माणसं हजर राहतील. एकटा मोठा माणूस आणि मुलं, असं कधी असणार नाही, हा नियम आम्हीच सुचवतो. फरशी, पायऱ्या मुलंच धुतील, पण शिक्षा म्हणून नाही. सप्ताहाआधी सगळे धुतात तशी.

निवासी शिबिराचं कलम ठरावातून काढा. पुढे कुठल्याही मुलासाठी असं ठिकाण सुचवायचं असेल तर आधी नोंदणी बघा, तिथे राहून आलेल्या मुलांशी बोला, घरी फोन करू देतात का ते विचारा.

पुड्या विकणारा गाळा रिकामा करून घ्या.

सप्ताहाला येणाऱ्या प्रत्येक बुवांना निमंत्रणाच्या पत्रातच कळवा की मुलांवरून आयांना आणि घरच्या संकटावरून मुलांना दोष देणारं गादीवरून बोलू नये. सात दिवसांपैकी एका संध्याकाळी कीर्तनाआधी अर्धा तास जिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरांना द्या. त्यांना आणायची जबाबदारी माझी. आणि आठ नावं जिथे लिहिली होती, त्या फळ्याच्या कोपऱ्यात दोन नंबर कायमचे रंगवून घ्या : मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेली मानस १४४१६ आणि मुलांच्या मदतीसाठी चाइल्डलाइन १०९८. दोन्ही फुकट आहेत. रंगाऱ्याचे पैसे मी देते.

सप्ताह दीड महिन्यावर आला आहे. पहाऱ्याची यादी अजून लागलेली नाही. या आठ मुलांची नावं त्या यादीत यावीत, ही माझी शेवटची मागणी आहे. रात्री दोन ते चार, जी वेळ कुणी मागून घेत नाही, ती द्या. चालेल.

येत्या रविवारच्या बैठकीत हे पत्र वाचावं आणि उत्तर लेखी द्यावं. मी बैठकीला येणार आहे. सोबत बाकीच्या आया येतील. आम्ही आरडाओरडा करायला येत नाही, ऐकायला आणि बोलायला येतो आहोत.

एक गोष्ट मात्र रविवारपर्यंत थांबवू नका. आबांचा पखवाज कुलपाच्या आत राहिला आहे. तो त्यांचा स्वतःचा आहे, देवस्थानचा नाही. मंगळवारी घाईने बाहेर काढलं तेव्हा डाव्या तोंडावरची कणीक तशीच राहिली. ती वाळली की पान खराब होतं, आणि मुलगा तीन दिवस मला तेवढंच विचारतो आहे. कुलूप पाच मिनिटं उघडा. तो कणीक काढून पखवाज आबांच्या घरी पोहोचवील.

आपली,
गावच्या हायस्कुलातली एक शिक्षिका आणि फळ्यावरच्या तिसऱ्या नावाची आई